रिकाम्या डब्याची तोफ

आमच्या तांबळवाडीत कोंबडासुद्धा आरवण्याआधी सावधान उभा राहतो. पटत नसेल तर येऊन बघा. पोर जन्माला आलं की आधी डावा पाय उचलतं, मग रडतं. साताऱ्याच्या या कोपऱ्यात पाऊस बेताचा, जमीन म्हणजे नुसता खडक. म्हणून घरटी एक माणूस फौजेत पाठवायची रीत पडली ती पडलीच. वेशीवर दगडी खांब आहे, त्यावर लढायांना गेलेल्यांची नावं कोरलीत. त्या खांबावर ज्याचं नाव नाही असं घर गावात एकच, माझं. मी एसटीत कंडक्टर होतो. अजूनही सगळे मला कंडक्टरच म्हणतात. खरं नाव विचारलंत तर मलाच आठवावं लागेल.

फौजींच्या गावात कंडक्टरला कोण विचारतो? म्हणून मी गोष्टी रचायला लागलो. ब्रेक गेलेल्या गाडीनं अख्खा घाट पाठमोरा उतरलो आणि एकाही बाईच्या टोपलीतलं अंडं फुटलं नाही, ही माझी गाजलेली गोष्ट. लोक हसायचे आणि उठून जायचे. जालिंदर फडतरे बोलायला लागला की मात्र लोक उभे राहून ऐकायचे. तो माझा बालमित्र. सप्लायच्या पलटणीत नाईक म्हणून रिटायर झाला. पण कारगिलच्या वेळी रसद घेऊन थेट वर, गोळ्यांच्या माऱ्यात गेलेला, असं गावाला ठाऊक होतं. दरवर्षी सव्वीस जुलैला शाळेच्या पटांगणात तो सांगायचा, "गोळा पडला तो ह्या इथनं त्या पाण्याच्या टाकीपर्यंत. माती तोंडात. कान बंद. आणि मी काय केलं? पोतं खांद्यावरनं खाली ठेवलं न्हाई!" पोरं टाळ्या वाजवायची.

पहिल्या रांगेत त्याची बायको शालन बसलेली असायची. ती टाळ्या वाजवायची नाही. नुसती छातीवर हात ठेवून बसायची. कारगिलच्या त्या उन्हाळ्यात ती पोटुशी होती. जून महिन्यात पोर पोटातच गेलं आणि पुन्हा काही कूस उजवली नाही. गाव म्हणायचं, फडतऱ्यांचं पोर लढाईत गेलं. खांबावर नाव कोरायला पोराला नावच नव्हतं, नाहीतर तेही कोरलं असतं.

तर ही शालनवहिनी सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस पाण्याची बादली उचलताना खाली बसली, ती बसलीच. धाप थांबेना. डॉक्टरांनी सांगितलं, काळजाच्या स्नायूवर जुना व्रण आहे, तो आता पसरलाय. उपाय होता. तिच्याच कातडीच्या पेशींपासून काळजाचा नवा स्नायू प्रयोगशाळेत वाढवायचा आणि त्याचा लेप व्रणावर बसवायचा. दिवाळीच्या आत बसला तर बाई दहा वर्षं जगेल, नाहीतर दिवाळी शेवटची. शेत विकून भागेल असा तो उपाय नव्हता.

जालिंदर मात्र निश्चिंत. "कंडक्टर, माझ्याकडं एक सोडून दोन-दोन कार्डं हायेत. सैनिक आरोग्य हाय, ज्येष्ठ कवच हाय. एकानं न्हाई म्हनलं तर दुसरं."

"लेका," मी म्हणालो, "दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो."

"तुज्या तोंडाला काळं. चल आमच्यासंगं साताऱ्याला. बोलायला तूच पायजे."

आता थोडं शास्त्र सांगतो. घाबरू नका, कंडक्टरला कळलं ते तुम्हाला कळेलच.

सैनिक आरोग्य ही माजी सैनिकांची योजना. बायको तिच्यात अवलंबित म्हणून येते. ज्येष्ठ कवच हा सत्तरीपुढच्या सगळ्यांचा सरकारी विमा. दोन्ही चांगल्या, पण दोघी जावा. म्हाताऱ्या फौजीचा गुडघा गेला की ज्येष्ठ कवच म्हणे, हा डोंगर चढून गेला, सैनिकांकडे जा. सैनिक आरोग्य म्हणे, हा वयानं गेला, ज्येष्ठांकडे जा. गुडघा बिचारा मधल्या मध्ये. म्हणून सरकारनं समन्वय केंद्रं काढली आणि प्रत्येक केंद्रात एक यंत्र बसवलं. त्याचं नाव लांबलचक आहे. आमच्याकडे सगळे त्याला पंच म्हणतात.

हा पंच रक्त वाचतो. माणूस कशातून गेला याच्या खुणा शरीरात राहतात. पेशीच्या आत जो जनुकांचा धागा असतो, त्याच्यावर भीतीनं, उपासमारीनं, थंडीनं, धुरानं बारीक बारीक रासायनिक गाठी बसतात. प्रत्येक त्रासाची गाठ वेगळी. कातडीच्या पेशी मरतात, नव्या येतात, गाठी पुसट होतात. पण काळजाच्या पेशी हट्टी असतात. निम्म्याहून जास्त तर जन्मभर त्याच राहतात. त्यातली एखादी मेली की तिच्या धाग्याचे तुकडे रक्तात येतात. पंच ते तुकडे गोळा करतो आणि झाडाच्या खोडातली वर्तुळं बघून दुष्काळाचं साल सांगावं तसं सांगतो: हा घाव अमक्या उन्हाळ्यातला, अमक्या कारणाचा. मग कारण बघून बिल कोणी भरायचं ते ठरवतो.

आणखी एक अधिकार सरकारनं त्याला दिला होता. आमच्या पिढीतला निम्मा गाव एक जूनला जन्मलेला. म्हणजे शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांना तीच तारीख लावली. भरतीला जाताना कोणी वय वाढवलं, कोणी घटवलं, कोणी भावाचा दाखला नेला. कागदांचा असा चिवडा झालेला. म्हणून नियम झाला, कागद आणि काया यांत तंटा पडला तर काया खरी. पंचानं नोंद दुरुस्त करायची, त्यावर अपील नाही. आमच्याच गावात ज्ञानू आणि मारुती पवार हे भाऊ. धाकटा मारुती थोरल्याच्या दाखल्यावर भरती झाला होता. पंचानं रक्त वाचलं आणि पंचाहत्तराव्या वर्षी दोघांची नावं अदलाबदल करून टाकली. आठवडाभर त्या घरात कोणी हाक मारली की दोघंही ओ देत होते, नाहीतर एकही देत नव्हता. आम्ही हसून हसून लोळलो. तेव्हा हसलो.

केंद्रावर आमच्या वाट्याला आली ती स्वरा बोधे नावाची समन्वयक. नातीच्या वयाची, गोड मुलगी. शालनवहिनीला खाटेवर झोपवलं, दोघांचं रक्त घेतलं. दोघांचं घ्यायचाच नियम होता, अवलंबित बाईचा दावा नवऱ्याच्या नोंदीशी ताडून बघतात.

निकाल आला तेव्हा स्वरानं तो पडद्यावर दोनदा वाचला. "आजी, तुमच्या काळजावरचा व्रण म्हातारपणाचा नाही. तो कारगिलच्या उन्हाळ्यातला आहे. मे, जून, जुलै. एकाहून एक मोठे धक्के. असा ठसा आम्हाला आघाडीवरच्या जवानांत दिसतो."

"तर गं," शालनवहिनी म्हणाली. "हे तिकडं गोळ्यांत, आन् म्या हिकडं. दुसरं काय हुनार?"

"आणि आजोबा, तुमचं काळीज कोरं आहे."

जालिंदर दचकला, पण क्षणभरच. लगेच छाती काढून म्हणाला, "असनारच! डरलोच न्हाई तर ठसा कशाचा उठंल?"

काय सांगू तुम्हाला, शालनवहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं बाप्पाच्या मूर्तीकडे बघावं. धाप लागलेली, ओठ निळे, आणि डोळ्यांत सगळा अभिमान. मीही मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, अशी थाप मलाही सुचली नसती. मला वाटलं तो चेष्टा करतोय.

स्वरानं आम्हा दोघांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"आजोबा, यंत्र नुसती भीती वाचत नाही. उंचावरची विरळ हवा, थंडी, स्फोटाचा धूर, या सगळ्यांच्या खुणा असतात. तुमच्यात एकही नाही. एकच खूण आहे, साखरेची. त्या उन्हाळ्यात तुमचं वजन वाढलं होतं."

मी जालिंदरकडे बघितलं. त्यानं केंद्राच्या आवारातल्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं. दरवर्षीच्या गोष्टीत गोळा पडतो, तसल्याच टाकीकडे.

"त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही," स्वरा घाईनं म्हणाली. "अडचण आजींची आहे. व्रण युद्धाचा, म्हणून ज्येष्ठ कवच नाही म्हणतंय. युद्धाचे घाव त्यांच्याकडे बसत नाहीत. आणि सैनिक आरोग्य म्हणतंय, युद्धाचा घाव फक्त सैनिकाला होतो, अवलंबितांना फक्त साधे आजार. दोघांनीही दावा परत पाठवलाय."

"मग?" मी विचारलं.

"एक वाट आहे. हे कारण युद्ध नव्हतं, घरगुती होतं, असा खुलासा ज्यानं ते कारण घडवलं त्यानं करायचा. आजींच्या समोर, पंचाच्या समोर. आणि आजींनी तो मान्य करायचा. दोघांच्याही मनगटाला पट्टा बांधतात, खोटं असेल तर नाडी सांगते. आजी एकदा म्हणाल्या, युद्ध नव्हतं, की घाव ज्येष्ठ कवचाकडे जातो. पुढच्या आठवड्यात लेप वाढवायला घेतील." तिनं आत नजर टाकली. "त्यांना काय घडलं होतं ते मला माहीत नाही. तुम्हाला असेल."

ती आत गेली. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघं. जालिंदरनं खिशातून फुटाण्याची पुडी काढली, दोन दाणे तोंडात टाकले आणि चावायचं विसरला.

"पठानकोटच्या अलीकडं डेपो हुता," तो म्हणाला. "रवा, साखर, तुपाचं डबं. ट्रका भरायच्या आन् वर लावून द्यायच्या. म्या ट्रकेत बसून कधी वर गेलो न्हाई, कंडक्टर. तू तुज्या गाडीतनं लांब लांब गेलास. म्या दारातच उभा."

"अरे पण तू फोनवर..."

तो फोन सगळ्या गावाला आठवतो. तेव्हा तांबळवाडीत एकच एसटीडी, वाण्याच्या दुकानात. लढाई सुरू झाली आणि बायकांनी रीत पाडली, कुणाचाही फोन आला की वाण्यानं स्पीकर लावायचा, सगळ्यांनी ऐकायचं. एकीचा नवरा बरा असल्याचं कळलं की दुसरीला धीर. हौसाकाकू म्हणून एक म्हातारी होती, तिचे दोन मुलगे वर. ती फोनशेजारी पोत्यावर बसलेली असायची. आघाडीवरून फोन कसा लागतो, हे आमच्या फौजी गावातल्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही. जालिंदरनं सांगितलं होतं, आठवड्यानं एकदा खाली तळावर येतो, गोळे तिथवर पडतात.

"पयल्या फोनला खरंच सांगितलं," जालिंदर म्हणाला. "बरा हाय, हितं काय न्हाई, रवा मोजतोय. तर हौसाकाकूचा आवाज आला. 'आमची पोरं मरत्याती आन् फडतऱ्याचा रवा मोजतोय.' सगळ्या हसल्या. शालन बोललीच न्हाई. फोन ठिवला तरी हासनं कानात." त्यानं फुटाणे मुठीत दाबले. "म्हून दुसऱ्या येळेला रिकामा डबा घेतला. पंधरा किलोचा, तुपाचा. पालथा घालायचा, टाचंनं हाणायचा, मग वरनं मूठभर खडं सोडायचं. माती पडल्यावानी. वाण्याच्या त्या फुटक्या स्पीकरातनं काय आवाज ग्येला आसंल! हौसाकाकू म्हनली, 'जप रं लेकरा.' पयल्यांदा मला लेकरा म्हनली."

मी आयुष्यभर थापा मारल्या. पण माझ्या थापेला हसणारं गिऱ्हाईक लागायचं. याच्या थापेला रडणारं लागलं होतं.

"सांगून टाक तिला," मी म्हणालो.

"मरंल ती."

"न सांगितलंस तरी मरेलच की रे."

तो उठला. भित्रा माणूस म्हणायचा का त्याला? मी म्हणत नाही. व्हरांड्यातनं त्या खोलीपर्यंत तो चालत गेला ते मी बघितलंय. वर चढणाऱ्यांनीही एवढा चढ चढला नसेल.

खोलीत स्वरानं दोघांच्या मनगटांना पट्टे बांधले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. शालनवहिनी उशीला टेकून बसली होती. "काय वो, काय झालं? कार्डं चालंनात का?"

"शालन," जालिंदर म्हणाला. तिला त्यानं नावानं हाक मारलेली मी कधीच ऐकली नव्हती. "म्या वर गेलोच न्हवतो."

"कुटं वर?"

"लढाईत. म्या डेपोत हुतो. गोळं न्हवतं. काय न्हवतं."

ती हसली. "कंडक्टरभावजी, बघा यांना. माज्या उपचारापायी आता ह्ये बी सांगाय लागलं. आवं, ह्या कानांनी ऐकल्यात म्या गोळं. सगळ्या गावानं ऐकल्यात."

त्याच्या मनगटाची रेघ सरळ होती. खरं बोलणाऱ्याची. तिला ते वाचता येत नव्हतं, आम्हाला येत होतं. जालिंदरनं आजूबाजूला बघितलं. कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या बाईनं पाण्यासाठी ठेवलेला तेलाचा मोठा डबा होता, रिकामा. त्यानं तो ओढला, पालथा घातला आणि पायताण काढून टाच हाणली. मग मूठ उघडली. फुटाणे पत्र्यावर सांडले.

खोलीत गोळा पडला. शप्पथ सांगतो, मला सगळं ठाऊक असून मी मान खाली घातली. शालनवहिनीची रेघ उभी चढली आणि पडद्यावर अक्षरं आली: ठसा जुळला.

फुटाणे अजून घरंगळत होते.

शालनवहिनी त्या डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जूनच्या फोनात असाच आवाज झाला. आन् फोन तुटला."

"तुटला न्हाई. म्या ठिवला."

"का?"

"श्येजारचा स्टोअरवाला हसाय लागला. तुला ऐकू जाईल म्हून घाईनं ठिवला."

"पुढचा फोन येईस्तवर माजं पोट रिकामं झालं हुतं."

जालिंदरचे हात नुसते डब्याच्या कडेवर होते.

"हौसाकाकू हसली म्हून?" तिनं विचारलं.

"तू गप ऱ्हायलीस म्हून. मला वाटलं तुला लाज वाटली."

"लाज?" तिला धाप लागली. स्वरा पुढे आली, तिला तिनं हातानं मागं सारलं. "म्या तवा देवाला हात जोडून उभी हुते. डोळं मिटून. माजा मानूस रवा मोजतोय, वर न्हाई, म्हून. बोलाय तोंडच उघडंना, एवढा आनंद. रवाच मोजत ऱ्हायला असतासा तर म्या गावभर साखर वाटली असती."

पंचाचा आवाज आला. बाईचा, गोड, कुठल्याच गावचा नसलेला. "खुलासा नोंदवला. रुग्णाने उत्तर द्यावे. या नुकसानीचे कारण युद्ध होते का?"

"आजी," स्वरा वाकून म्हणाली, "फक्त नाही म्हणायचं. एवढंच. नाही म्हणा आणि लेप मिळेल."

"न्हाई म्हनलं तर माजं पोर कशापायी ग्येलं म्हनू? डब्यापायी?"

"वहिनी," मी म्हणालो, "आत्ता जीव वाचवा. बाकीचं घरी जाऊन बोलू."

"तुमी गोष्टी रचता भावजी. तुमाला काय, आज एक, उंद्या दुसरी. माज्याकडं एकच हाय." तिनं पडद्याकडे तोंड केलं आणि गावाच्या पंचांसमोर साक्ष द्यावी तशी मोठ्यानं म्हणाली, "व्हय. युद्ध हुतं. ह्ये न्हवतं तितं. म्या हुते."

रेघ सरळ. जराही हलली नाही.

स्वरानं डोळे पुसले, आणि मग ती पडद्याकडे वाचत राहिली, पुन्हा वाचत राहिली. "थांबा," ती म्हणाली. "हे काय करतंय?"

पंच आपलं काम करत होता. या घरात युद्धाचा घाव एक. तो बाईच्या काळजात. पुरुषाचं काळीज कोरं, आणि युद्धात नव्हतो असा त्याचा स्वतःचा कबूलजबाब, नाडीसह. बाईचा जबाब, मी होते, तोही नाडीसह. कागदावर मात्र सैनिक पुरुष आणि बाई अवलंबित. कागद आणि काया यांत तंटा. यंत्रानं असे तंटे आमच्या पंचक्रोशीत ढिगानं सोडवले होते, एकाच्या दाखल्यावर दुसरा गेल्याचे. त्यानं हाही तसाच सोडवला.

"नोंद दुरुस्त केली," तो गोड आवाज म्हणाला. "माजी सैनिक, शालन जालिंदर फडतरे. अवलंबित, जालिंदर. घाव युद्धजन्य. सैनिक आरोग्य योजनेतून पूर्ण उपचार मंजूर."

मला हसू आलं. देवाशपथ, आधी हसूच आलं. एवढी मोठी थाप मी आयुष्यात मारली नव्हती, आणि ही तर सरकारी होती.

लेप दिवाळीच्या आधी बसला. शालनवहिनीची धाप गेली. ती पाण्याची बादली पुन्हा उचलायला लागली, जिना चढायला लागली. पेन्शन तिच्या नावानं यायला लागलं. कँटीनचं कार्ड तिचं. जालिंदरनं अर्ज केले, फेऱ्या घातल्या. मीही गेलो बरोबर. "म्या लढलो न्हाई, मान्य," तो सांगायचा, "पर सतरा वर्सं नोकरी तर केली. वर लढनाऱ्यांच्या पोटात अन्न कुनी घातलं?" समोरचा पोरगा पडदा बघायचा आणि म्हणायचा, "आजोबा, तुमच्या काळजात तसं काही दिसत नाही." म्हणजे लढाईची थाप गेली ती गेलीच, जाताना खरी नोकरीही घेऊन गेली. साखरेशिवाय तिचा पुरावा नव्हता.

घरात ती त्याला जेवायला वाढायची. भांडली नाही, टाकून बोलली नाही. बोलायचीच फार थोडं. औषधाच्या खिडकीवर एकदा मी त्यांच्या मागे उभा होतो. आतल्या माणसानं तिचं कार्ड घेतलं, सलाम ठोकला, आणि जालिंदरकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

"माज्यावर अवलंबून हायेत," ती म्हणाली. खोटं नव्हतं त्यात काही. जालिंदर पिशवी धरून उभा होता.

मग सव्वीस जुलै आला. नव्या हेडमास्तरांनी केंद्राच्या यादीतून कारगिलच्या माजी सैनिकाचं नाव काढलं आणि फुलांचा गुच्छ घेऊन शालनवहिनीच्या दारात आले. मला वाटलं ही जायची नाही. गेली. हिरवं लुगडं नेसून गेली, हातात कापडानं झाकलेलं काहीतरी होतं. खुर्च्या मांडल्या होत्या, एक सैनिकाची, तिच्या मागे एक अवलंबिताची. जालिंदर मागच्या खुर्चीवर बसला. गावाला तोवर सगळं कळलं होतं. कोणी हसलं नाही. हौसाकाकू असती तर हसली असती, पण तिचे दोन्ही मुलगे लढाईत पडून खांबावर गेले आणि पाठोपाठ तीही गेली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शालनवहिनी उभी राहिली. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं धीर करून विचारलं, "आजी, गोळा पडतो तेव्हा आवाज कसा येतो?"

"मला ऐकायचं ठावं हाय, पोरी. वाजवायचं ह्यांना ठावं." तिनं कापड काढलं. तुपाचा रिकामा डबा होता. तिनं तो जालिंदरच्या पुढ्यात पालथा ठेवला, आणि पदराची गाठ सोडून मूठभर खडे त्याच्या हातात दिले. "आवं, वाजवा. पोरं थांबल्यात."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं नजर हलवली नाही. म्हाताऱ्यानं चप्पल काढली, पाय उचलला आणि टाच हाणली. खडे सोडले.

पटांगण दणाणलं. पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली, दोन पोरं रडायला लागली. मी शालनवहिनीकडे बघत होतो आणि जालिंदरही तिच्याकडेच बघत होता. तिच्या मनगटावर केंद्राचा पट्टा अजून असायचा, लेपावर नजर ठेवायला. त्याचा दिवा हिरवा होता. तो हिरवाच राहिला. नवं काळीज ते. त्याला तो जून कुठून ठाऊक असणार?

"पुन्यांदा," ती शांतपणे म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

त्यानं पुन्हा हाणली. दिवा हिरवा. मग तिनं सांगायची वाट न बघता तो हाणतच राहिला, खडे वेचून वेचून, तिच्या मनगटाकडे बघत, एकदा तरी ती दचकेल म्हणून. ती आभाळातली कबुतरं बघत होती. शेवटी त्याचाच हात छातीवर गेला आणि तो खुर्चीत कोसळला.

आम्ही त्याला साताऱ्याला नेलं. स्वरानंच रक्त घेतलं. काळजावर ठसा उठला होता, ताजा, मोठा, अगदी आघाडीवरच्या जवानासारखा. युद्धजन्य, असं पंचानं लिहिलं. ज्येष्ठ कवच म्हणालं, युद्धाचा घाव आमच्याकडे बसत नाही. सैनिक आरोग्य म्हणालं, अवलंबितांना फक्त साधे आजार.

स्वरा व्हरांड्यात आली. "आजी," ती म्हणाली, "एक वाट आहे. ज्यानं हे कारण घडवलं त्यानं खुलासा करायचा, की हे युद्ध नव्हतं, घरगुती होतं."

शालनवहिनी बाकावर बसली होती. मांडीवर तो डबा. तिनं माझ्याकडे बघितलं, जणू गोष्टी रचणाऱ्याला पुढचं ठाऊक असायलाच हवं.

"भावजी," ती म्हणाली, "म्या काय सांगू? म्या तर नुसती गप ऱ्हायले हुते."

मला एवढ्या थापा येतात, एकही सुचली नाही. आत जालिंदरच्या पडद्यावरची रेघ चालू होती, बारीक. स्वरा हातात पट्टा घेऊन उभी होती. आणि वहिनीनं अजून मनगट पुढं केलं नव्हतं.